सांधा

मालेगावात माझ्या मामांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आजूबाजूला यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळे दुरुस्त झालेला रेडिओ ते स्पीकरला कान लावूनच ऐकत. सोल्डरिंग आयर्न मी तिथे पहिल्यांदा धरलं. 60-40चं सोल्डर, म्हणजे कथिल आणि शिसं, 190 अंशांच्या आसपास वितळतं. पण पार्टचा पाय आणि तांब्याची पट्टी दोन्ही तापली नसतील तर ते नुसतं वर बसतं, धरत नाही. शेजारचा मेकॅनिक कुठे अडला की मामा हातातलं काम बाजूला ठेवून त्याला कागदाच्या चिटोऱ्यावर सर्किट काढून देत. नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा केला तोही याच गावात. यंत्राच्या पोटात हात घालायला इथे कुणी भीत नसे.

पुढे पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी लागली, तरी आयर्न सुटलं नाही. ईएसपी8266 ही वायफायची चिप स्वस्तात मिळू लागली तेव्हा मामेभावाच्या मागासाठी फेरे मोजणारं यंत्र केलं. फिरत्या दांड्यावर चुंबक, समोर रीड स्विच. दांड्याचा एक फेरा म्हणजे बाण्याचा एक धागा. आकडा मात्र दुप्पट-तिप्पट येई. स्विचच्या पात्या मिटताना थरथरतात आणि चिप प्रत्येक थरथर मोजते.

ऑफिसात दाखवलं. एक सहकारी लगेच म्हणाली, “कोडमध्ये 20 मिलिसेकंद थांब की!” मी 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुढे केला. दोघांचा गुणाकार 10 मिलिसेकंद. थरथर चिपपर्यंत पोचतच नाही. आम्ही दोन्ही उपाय ठेवले.

तिचा कोड मला जसाच्या तसा मिळाला. माझं सर्किट मात्र तिला स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधावं लागलं. तिच्या जवळच्या दुकानातले पार्ट वेगळे, रेझिस्टरवरची सोनेरी पट्टी म्हणजे किंमत 5 टक्के इकडेतिकडे. म्हणून मी कुणालाही नुसती आकृती देत नाही. कोणता पार्ट कशासाठी, किती बदलला तर चालेल, 230 व्होल्टच्या बाजूला हात का लावायचा नाही, हे सगळं शेजारी बसून सांगतो. त्या सांगण्यातच मला खरा आनंद आहे.

तिने साताऱ्याच्या घरी पाण्याच्या टाकीसाठी असंच एक यंत्र केलं आणि फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला.

“एक सांधा राखाडी दिसतोय, तो पुन्हा तापव. आणि कपॅसिटर 2.2चा का?”

“दुकानात तोच होता. हिशेब केला, 22 मिलिसेकंद येतात. टाकीला चालतात.”