बौद्धनाथ आणि गोठणगाव

नोकरीमुळे सिंगापुरात राहतो. सुट्ट्या जोडून आल्या की खोलीवरचे आम्ही मित्र एखादं शहर गाठतो. बँकॉक झालं, हनोई झालं. या वेळी काठमांडू. बौद्धनाथला म्हाताऱ्या तिबेटी बाया स्तूप उजव्या हाताला ठेवून, माळ ओढत फेऱ्या घालत होत्या. कमरेला रंगीत पट्ट्यांचं वस्त्र, ओठांत जप. मित्र फोटो काढत राहिले. मला गोठणगाव आठवलं. आमच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. मी पगारासाठी देश सोडला, मनात आलं की परततो. वसाहतीतल्या तिबेटींना ती वाट मोकळी नाही. नवेगावबांधला पक्षी पाहायला जाल, तेव्हा गोठणगावलाही जा. त्या माणसांशी बोला.