उतार कोठे आहे

पुण्यास नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने भाद्रपदाच्या अखेरीस सहलींची दोन जाहिरातपत्रके धाडली आणि सोबत एवढेच लिहिले की, ‘मामा, मुलांना जुन्या रणभूमी दाखवायच्या आहेत, हाती एकच दिवस आहे, यांतली कोणती सहल घेऊ?’ पहिल्या पत्रकात पहाटेपासून रात्री दहापर्यंत सात स्थळे गुंफलेली होती, सिंदखेड राजाचा राजवाडा आणि लोणारचे सरोवरही त्यांतच आले; दुसऱ्यात मात्र जालना जिल्ह्यातील असई हे एकच गाव, दिवसभर पायी हिंडणे, आणि दर जवळजवळ पहिल्याइतकाच. माझ्या गावाचे, साखरखेर्ड्याचे, नाव दोहोंपैकी एकातही नव्हते. त्याचा मला राग आला नाही, पण ती दोन पत्रके उशाशी ठेवून मी दोन रात्री विचार करीत राहिलो, कारण रणभूमी दाखवावी म्हणजे नेमके काय दाखवावे, हा प्रश्न माझ्या गावाने मला लहानपणापासून घातलेला आहे.

११ ऑक्टोबर १७२४ या दिवशी या गावाच्या परिसरात जी लढाई झाली, तिने पुढील सव्वादोनशे वर्षांच्या दख्खनची घडी बसविली. दिल्लीच्या वजिरीला कंटाळून दक्षिणेकडे परतलेला निजाम-उल्-मुल्क एका बाजूस, आणि त्याला हुसकून दख्खनची सुभेदारी आपण घ्यावी म्हणून बादशहा महंमदशहाची आतून संमती मिळवलेला हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान दुसऱ्या बाजूस, असा तो सामना होता. आणि त्यात मुबारिझखान आपल्या दोन मुलांसह पडला, तेव्हा ज्या दरबाराने निजामाच्या नाशाची तजवीज केली होती, त्याच दरबाराला पुढच्या वर्षी त्याची सुभेदारी मान्य करून ‘आसफजाह’ हा किताब पाठवावा लागला. मराठी फौज त्या दिवशी निजामाच्या बाजूस होती आणि तीत तरुण बाजीराव होता, असे आपले इतिहासकार सांगतात. तोच बाजीराव चार वर्षांच्या आत, फेब्रुवारी १७२८मध्ये, पालखेडला त्याच निजामाची कोंडी करतो. विजेत्याने आमच्या गावाचे नाव बदलून फतेहखेर्डा ठेविले. ते नाव दफ्तरात राहिले. लोकांच्या तोंडी मात्र साखर होती ती साखरच राहिली, आणि एका राज्यसंस्थापकाच्या फर्मानापेक्षा बाजाराला येणाऱ्या बायाबापड्यांची जीभ बलवत्तर ठरली, याचा मला आजही मनःपूर्वक अभिमान वाटतो.

गावाबाहेर जाऊन पाहाल तर काय दिसेल? काळीची वावरे, धुऱ्यावरची बाभळ, पावसाळ्यात बैलगाडीचे चाक आसापर्यंत गिळणारी पांदण. तेथे ना स्तंभ, ना शिलालेख, ना तोफ. सहल काढणाऱ्यास दाखवावयास काही नाही म्हणून तो येत नाही, हे मी समजू शकतो. परंतु जेथे दाखवावयास काही नाही तेथेच सांगणाऱ्याची खरी गरज असते. राजवाडा स्वतःविषयी थोडेफार बोलतो, शेत बोलत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते, आणि तो कोण, कोणाच्या बाजूने बोलणारा, यावर सारे अवलंबून.

याच गावाशी १७५७चाही एक दुवा आहे. त्या वर्षाच्या अखेरीस सिंदखेडास अडकलेल्या आपल्या सरदाराला, रामचंद्र जाधवाला, सोडवावयास निजामाचे सैन्य आले, पेशव्यांकडून विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे उभे राहिले, आणि अखेर साखरखेर्ड्यास तह होऊन पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्ग मराठ्यांच्या पदरी पडला. एवढे सांगून मी पुढे जातो, कारण त्या तहाहून मोठी गोष्ट आहे ती वऱ्हाडच्या दुअमलीची. १७२४नंतर या मुलखावर अंमल निजामाचा आणि वसुलात वाटा मराठ्यांचा, पुढे नागपूरकर भोसल्यांचा, अशी दोन धन्यांची व्यवस्था रुजली. एकाच वावराच्या पिकाकडे दोन दरबारांचे डोळे लागलेले असत, आणि रयतेने जमाबंदीचा तपशील कोणाला द्यावयाचा याचाही तंटा होई. ती दुअमली मोडली १८०३मध्ये. असई, अडगाव आणि गाविलगड येथे इंग्रजांकडून झालेल्या पराभवांनंतर १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. म्हणजे आमच्या वावरात जे सुरू झाले ते असईच्या वावरात संपावयास लागले. ही दोन शेते एकाच कथेची दोन टोके आहेत, आणि सात स्थळांच्या यादीने नेमका हाच धागा तोडला होता.

असईची निवड मी भाच्याला सुचविली, तिचे आणखी एक कारण आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीची फौज घेऊन आर्थर वेलस्ली केळणा नदीच्या काठी आला तेव्हा समोर दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची अफाट फौज पसरलेली होती. पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून गाजलेल्या या सेनापतीने वृद्धपणीही आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचेच नाव घेतले. त्याच्या बरोबरच्या स्थानिक वाटाड्यांनी सांगितले की, जवळपास नदीला उतार नाही. त्याने पाहिले की दोन्ही तीरांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावे आहेत, आणि विचार केला की, इतक्या जवळ वसलेल्या दोन गावांतील माणसे एकमेकांकडे जात-येत नसतील हे संभवत नाही. उतार तेथेच निघाला. शत्रूच्या सेनापतीचे हे कौतुक करताना मला संकोच वाटत नाही, कारण तो त्या क्षणी नकाशा नव्हे, तर आपल्या खेड्यांची रीत वाचीत होता. आणि त्याच दिवशी त्याचीच एक तुकडी वाट चुकून असईच्या तटाकडे भरकटली व तिच्या मागे गेलेली ७४वी हायलंडर पलटण तोफांच्या माऱ्यात जवळजवळ नष्ट झाली. एकाच मैदानात जमीन वाचण्याचे फळ आणि न वाचण्याचे मोल, दोन्ही हाताच्या अंतरावर आहेत. ते बसच्या खिडकीतून कसे उमगावे?

सांगणारा निवडताना मी एकच कसोटी लावतो. त्याला विचारावे, शिंद्यांच्या गोलंदाजांविषयी काय सांगणार? कवायती पलटणींच्या त्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. अंगावरून शत्रू पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग टाकून ते उठले आणि पाठमोऱ्या पलटणींवर पुन्हा भडिमार केला. कंपनीच्या बाजूचे मृत-जखमी मिळून सुमारे १,६०० झाले, त्यांची मोजदाद कागदावर आहे; या गोलंदाजांची संख्या मात्र अंदाजाने सांगतात. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे पहिल्या महायुद्धातील ४,७००हून अधिक हिंदी सैनिकांची नावे दगडावर कोरलेली आहेत, इटलीत मोंतोने येथे दुसऱ्या महायुद्धात लढताना पडलेल्या यशवंत घाडगे यांचे स्मारक उभे आहे. परदेशच्या मातीत आपल्या माणसाला जे मिळाले ते केळणेच्या काठी या गोलंदाजांना मिळाले नाही. जो सांगणारा येथे आवाज खाली आणतो, त्याच्याबरोबर मुलांना पाठवावे.

म्हणून भाच्याला कळविले की दुसरी सहल घे, पण आदल्या संध्याकाळी साखरखेर्ड्यास मुक्कामाला ये. पहाटे मुलांना घेऊन आधी आपल्या गावाबाहेर चालू, मग जाफ्राबादच्या रस्त्याने असई गाठू. सोयाबीनची सोंगणी तोवर उरकलेली असेल, वावर मोकळे दिसेल, आणि धुऱ्यावर उभे राहिले की फौज कोठून आली असावी याचा अदमास मुलांनाच बांधता येईल. चांगले जोडे मात्र आण. पाऊस लांबला तर काळीत चपला राहत नाहीत.