वहिनींचे कॅलेंडर

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी ऑफिसला निघालो होतो. दारात पुतण्या उभा. म्हणाला, "काका, स्टोअर बंद झालं." मला वाटले, एखाद्या दिवसाची सुट्टी असेल. त्याने मोबाईल पुढे केला. रात्री साडेअकराला ग्रुपवर निरोप आला होता, उद्यापासून कामावर येऊ नये. पोरगा सकाळी जाऊन आला तर शटरला कुलूप.

माहीममधल्याच एका गल्लीत हे कोठार होते. बाहेर पाटी नाही, आत गिऱ्हाईक नाही. मोबाईलवर ऑर्डर आली की कोणत्या रॅकवर साबण, कोणत्या रॅकवर तूरडाळ हे यंत्र सांगणार. पोराने धावत जाऊन वस्तू उचलायची, स्कॅन करायची, पिशवी भरून रायडरच्या हाती द्यायची. अशी कोठारे बंद होणे नवे नाही. मुंबईत २०१२ साली सुरू झालेली लोकलबन्या २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली. २०२३ च्या मे महिन्यात जिओमार्टने हजारावर माणसे कमी केल्याच्या आणि दीडशेपैकी निम्म्याहून अधिक केंद्रे बंद होणार असल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या वाचून आपण पान उलटतो. मीही उलटले होते.

पुतण्याने तिथे चौदा महिने काढले होते. मी त्याला सांगितले, बारा महिन्यांत २४० दिवस भरले असतील तर औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई मिळते. आपण कंपनीत गेलो. कंपनी म्हणाली, तुम्ही ठेकेदाराचे. ठेकेदार म्हणाला, हजेरी कंपनीच्या ॲपमध्ये. आणि ॲप तर त्या रात्रीच बंद केलेले! दिवस भरले हे सिद्ध करायचे ओझे मात्र कामगारावर.

माझे आजोबा गिरणीत साचाखात्यात होते. विणकामाच्या खात्यात तेव्हा आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. वडीलही गिरणीतच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी त्यातच गेली. पण हजेरीचा पास आणि ईएसआयचे कार्ड त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले. तीस वर्षांनी म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरला तो त्याच कागदांवर. घर अजून लागलेले नाही, पण अर्ज तरी करता आला. पोराकडे काय होते? बंद पडलेले ॲप.

मी हे सगळे बडबडत असताना वहिनी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, डब्याच्या खुणा चालतील का?" पोराची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. किती वेळा डबा द्यायचा याचा घोळ नको म्हणून त्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी रोज फुली मारत. २०२४ चे कॅलेंडर भिंतीवरच होते. मागच्या वर्षीची दोन पाने मात्र हवी होती. नोव्हेंबरचे तांदळाच्या डब्याखाली सापडले आणि डिसेंबरचे फडताळात अंथरलेले, तेलाने अर्धे पारदर्शक झालेले.

रात्री मी आणि वहिनी मोजायला बसलो. फुल्या निघाल्या २३१. वहिनींचा चेहरा उतरला. नऊ दिवस कमी! पण पगारी रविवार आणि सुट्ट्याही या दिवसांत धरायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे. पोराचा पगार महिन्याचा, आठवड्याची सुट्टी पगारी. ती मिळवली आणि आकडा सहज पुढे गेला. बीकॉमची पदवी घरच्या कामाला इतकी कधी आली नव्हती.

नुसत्या फुल्यांवर कोण विश्वास ठेवणार, हेही खरे. म्हणून बँकेचे स्टेटमेंट आणि पीएफचे पासबुक जोडले. महिन्यामहिन्याचा मेळ बसला. तीन तारखा झाल्या. शेवटी ठेकेदाराने नोटीसपगार आणि भरपाई दिली. रक्कम मोठी नाही. दोन महिन्यांचे भाडे आणि धाकटीची क्लासची फी निघाली.

त्याच्याबरोबरच्या रायडर पोराला काहीच मिळाले नाही. तो कागदोपत्री कामगारच नव्हता, 'पार्टनर' होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत अशा पोरांचे नाव सामाजिक सुरक्षेसाठी आले आहे. पंधरा दिवसांची भरपाई मात्र कामगाराचीच राहिली. मी त्याला ई-श्रमवर नोंद करून दिली. तो म्हणाला, "काका, यानं गाडीचा हप्ता भरता येतो का?"

पुतण्या आता माटुंगा रोडच्या बाजूला दुसऱ्या कोठारात लागला आहे. तिथेही हजेरी ॲपवरच. तो दर शनिवारी स्क्रीनचा फोटो काढून मला पाठवतो. एखाद्या शनिवारी विसरतो, मग वहिनींचा फोन येतो.