रुंबाक, उले, हानले

१.
लेह ३,५०० मीटरवर. पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहा, असं सगळेच सांगतात. आमच्या गटातल्या एका काकांनी उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घेतली आणि संध्याकाळीच शांती स्तूपाच्या पाचशेहून अधिक पायऱ्या चढायला निघाले. गाइडने अडवलं नाही. खाली गाडीत बसून राहिला, मांडीवर ऑक्सिजनचा डबा घेऊन.

२.
हिमबिबट्या बघायचा हंगाम जानेवारी ते मार्च. त्यांचे मीलनाचे दिवस तेच. नर-मादी कड्यांच्या कडेने खुणा करत हिंडतात. वर बर्फ साचल्यामुळे भरल, म्हणजे निळ्या मेंढ्या, खाली उतरतात, भरलांमागे तेही. रात्री पारा उणे वीसपर्यंत जातो. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या पांघरुणात घेऊन झोपावं लागतं.

३.
गाइड हिमबिबट्या शोधत नाही. तो भरलांकडे बघत बसतो. चरता चरता कळप थबकला आणि सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या, की स्कोप त्या दिशेला. रेव्हन आणि गिधाडं एकाच जागी घुटमळत असली तर तिथे शिकार पडलेली आहे. पोरवयात मेंढ्या राखताना शिकलेली विद्या. तेव्हा दिसला तर दगड मारायचा असे.

४.
स्कोपपाशी रांग.
"दिसला का?"
"दगड दिसतोय."
"त्या दगडाला शेपूट आहे बघा."

५.
भारतातली हिमबिबट्यांची पहिली शास्त्रशुद्ध गणना २०२४ मध्ये जाहीर झाली. देशात ७१८, त्यांपैकी लडाखमध्ये ४७७.
२०११ च्या जनगणनेत लडाखची माणसं २,७४,२८९.

६.
रुंबाक गाव हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे. घरं मोजकी. पाहुणे पाळीने वाटले जातात: हा गट या घरी, पुढचा पलीकडच्या घरी. वाटेवरचं घर भरलेलं आणि टोकाचं रिकामं, असं होऊ नये म्हणून. ही घडी स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सीच्या रिंचेन वांगचुक यांनी गावकऱ्यांसोबत बसवली. ते गिर्यारोहक. २०११ मध्ये गेले.
आमच्या यजमानीणबाईंना त्यांच्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी चहा घ्या."

७.
कोरडा संडास. जमिनीत भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग, ढिगात फावडं. वसंतात हे सगळं खत होऊन शेतात जातं. जगभरच्या महागड्या लेन्सा घेऊन आलेली माणसं रुंबाकच्या बार्लीला हातभार लावून जातात.

८.
हिमबिबट्या गोठ्यात शिरला, तर एका मेंढीवर थांबत नाही. आतली जनावरं बिथरून पळत राहतात, तो मारत राहतो. सकाळपर्यंत अख्खा कळप संपलेला. उपाय साधा: गोठ्यावर लोखंडी जाळीचं छप्पर आणि घट्ट बसणारं दार. आम्ही उतरलो त्या घरीही बसवलंय. घरमालकांनी कौतुकाने दाखवलं.
दाराशेजारी काठी होती. तिच्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

९.
शंगदोंग: लांडगे पकडायचा दगडी खड्डा. भिंती आत झुकलेल्या, तळाशी जिवंत बकरी. लांडगा उडी मारून आत येतो, बाहेर पडू शकत नाही. मग गाव वरून दगड टाकतं. चुशूलच्या लोकांनी खड्डे बुजवले नाहीत. भिंतीतले काही दगड काढले, वर यायला वाट ठेवली, आणि शेजारी स्तूप बांधला.

१०.
सी-बकथॉर्नच्या झुडपात गुल्डेनस्टाटचा थिरथिरा, नारिंगी फळांवर तुटून पडलेला. आमच्या पाठीमागे, दहा पावलांवर. सगळ्या दुर्बिणी समोरच्या कड्यावर.

११.
शे गावाजवळ सिंधूचं पात्र. करड्या गोट्यांत करडा आयबिसबिल. हा त्याच्या कुळातला एकटाच पक्षी, म्हणून लोक समुद्र ओलांडून येतात. आम्ही गोटे न्याहाळत उभे. पाणी भरायला आलेल्या बाईंनी हंडा खाली न ठेवता हनुवटीने दाखवला.

१२.
पट्टकादंब त्सो कार, त्सो मोरीरीच्या काठी घरटी करतात आणि हिवाळ्यात खाली मैदानांत उतरतात. उजनी, जायकवाडीला दिसतात ते हेच. चक्रवाकाचंही तेच. आम्ही जानेवारीत त्यांच्याकडे होतो, ते आमच्याकडे.

१३.
२०२०: त्सो कारला रामसर दर्जा.
२०२१: काळ्या मानेचा क्रौंच लडाखचा अधिकृत पक्षी.
त्याची अंडी आणि पिल्लं खाणारे: भटके कुत्रे. कुत्रे जगतात छावण्यांच्या आणि पर्यटकांच्या तंबूंच्या उष्ट्यावर.
आमच्या पॅक लंचमध्ये उकडलेली अंडी होती.

१४.
उलेत दिवसभर एकाच उतारावर नजर. आयबेक्सचा कळप, चुकार, आभाळात लामरगायर, म्हणजे दाढीवालं गिधाड. त्याच्या आहारात बहुतेक हाडंच. मोठं हाड उंचावरून खडकावर टाकून फोडतो. गटातल्या एकांनी हे सगळं "बाकी काही नाही" या सदरात लिहून ठेवलं.

१५.
हानले. खडकांत मनुल, म्हणजे पॅलासची रानमांजर. चेहरा कायम कुणावर तरी चिडल्यासारखा. गाइडने बरंच अलीकडे गाडी थांबवली. मागच्या सीटवरून सूचना: "थोडं पुढे घे, टिप देतो." त्याने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "टिप परत जाताना."

१६.
पुढे दुसऱ्या कुणाची गाडी आमच्यापेक्षा बरीच जवळ गेलेली होती. तिच्यातही गाइड होता.

१७.
संध्याकाळी बुखारीत शेणी सारताना यजमानीणबाईंनी हिंदीत विचारलं, "तुमच्याकडे आहे का बिबट्या?"
आहे म्हटलं. हा नव्हे, साधा. जुन्नरला, उसात. पुष्कळ आहेत.
"मग बघायला येणारे कुणाच्या घरी उतरतात?"
"बघायला येत नाहीत. वनखात्याला फोन करतात, पिंजरा लावा म्हणून."
त्यांनी जरा वेळ हिशेब केला.
"पिंजऱ्याचे पैसे कोण देतं?"