'प्रेस' या शब्दाची तीन रूपे

'प्रेस' हा इंग्रजी शब्द आम्ही घरोघरी ऐकतो. मूळ अर्थ 'दाबणे' एवढाच. परंतु स्थळ पालटले की अर्थही पालटतो. घरी 'प्रेस' म्हणजे इस्त्री. छापखानाही 'प्रेस'च, कारण पूर्वी शाई लावलेल्या खिळ्यांवर कागद दाबून छपाई होत असे. आमच्या भोसरी-चाकणकडील कारखान्यांत पोलादी पत्रा साच्यात दाबून मोटारींचे भाग घडविणारे अजस्र यंत्र, तेही 'प्रेस'च! इस्त्री सुरकुती घालविते; हे यंत्र बेसावध माणसाचे बोटच घालवू शकते. म्हणून दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्यावाचून ते चालू नये, अशी योजना पुष्कळ यंत्रांवर असते. वेळ वाचविण्यासाठी ती कोणीही बंद करू नये. विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपले आईवडील पाळीवरून दहाही बोटांनिशी घरी परतावेत, हीच आम्हां सर्वांची इच्छा.