मयूर विहार : बाल्कनीतले सुतारकाम

यमुनेपलीकडच्या या वसाहतीत हौशी माणसाला लाकडाचा नाद लागला, तर गुरू घराजवळ सापडतो आणि लाकूडबाजार मेट्रोच्या एका तिकिटावर गाठता येतो. वेळ लागतो तो हात बसायला.

दिल्लीत यमुना ओलांडून पूर्वेला गेले की मयूर विहार लागते. एका अंगाला नदीकाठची सखल जमीन, दुसऱ्या अंगाला नोएडा आणि मधोमध दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका व सहकारी सोसायट्यांच्या इमारती. नावात मोर असला तरी पर्यटकांच्या यादीत ही वसाहत नाही. अक्षरधाम मंदिर पाहायला येणारे एक स्टेशन अलीकडेच उतरतात. मयूर विहारला उतरतात ते घरी परतणारे नोकरदार, प्राध्यापक, पत्रकार आणि निवृत्त मंडळी.

या घरांमधले लाकडाचे काम मात्र कधी संपत नाही. आज कपाटाची बिजागरी निखळते, उद्या पुस्तकांना फळी हवी असते, पावसाळ्यात दार अडकते. त्यामुळे सुतार मिस्त्री हा इथल्या कुटुंबांच्या जुन्या ओळखीचा. त्याचे काम बघता बघता घरातल्या कुणाला तरी वाटते, ‘हे आपल्यालाही जमेल.’ मग बाल्कनीतली कपडे वाळवायची दोरी बाजूला होते आणि तिथे एक जुने टेबल येऊन बसते.

रस्त्यापलीकडचे गुरू

मयूर विहारच्या पहिल्या टप्प्याला लागूनच त्रिलोकपुरी आहे. आणीबाणीच्या काळात दिल्लीतल्या झोपडपट्ट्या हटवून तिथल्या लोकांसाठी वसवलेली ही वस्ती. सोसायट्यांमध्ये काम करणारे कारागीर त्रिलोकपुरी, चिल्ला गाव, कोंडली अशा आसपासच्या वस्त्यांतून येतात. एकीकडे लिफ्ट आणि पहारेकरी, दुसरीकडे अरुंद गल्ल्या. मधले अंतर चालत जाण्याइतके, पण एरवी ते सहसा कुणी ओलांडत नाही. हातात करवत घेतलेल्या हौशी माणसाला मात्र ते ओलांडावेच लागते, कारण पाते कसे परजावे हे पुस्तकापेक्षा मिस्त्रीच्या हातांकडे पाहून लवकर कळते.

मराठी माणसाला इथे आणखी एक गंमत अनुभवायला मिळते. करवतीला ‘आरी’ म्हणायचे, वाकसाला ‘बसूला’, सँडपेपरला ‘रेगमाल’. रंधा ‘रंदा’ होऊन आणि गुण्या ‘गुनिया’ होऊन भेटतो. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवायचे, त्या कुसवाला हिंदीत ‘चूल’ म्हणतात. एखाद्याचा पाया डळमळला की ‘चूलें हिल गईं’ असे हिंदी भाषक म्हणतात, ते याच सांध्यावरून!

निळ्या मार्गावरची लाकूडयात्रा

नोव्हेंबर २००९ मध्ये मेट्रोचा निळा मार्ग मयूर विहारवरून नोएडाला पोहोचला आणि जुनी अडचण दूर झाली. दिल्लीचा लाकूड व फर्निचरचा मोठा बाजार पश्चिमेला कीर्तीनगरला आहे. तिथे आता गाडी न बदलता जाता येते. वाटेत रामकृष्ण आश्रम मार्ग स्टेशनाला उतरले, तर पंचकुइयां रोडवरची फर्निचरची दुकाने पाहता येतात. त्याआधी प्रगती मैदानाजवळ राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय आहे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या या वास्तूत गुजरातच्या हवेलीचे कोरीव लाकूडकाम आणि कर्नाटकातल्या भूतांच्या भव्य लाकडी मूर्ती आहेत. नवशिक्याने त्या जरूर पाहाव्यात. आपण कुठे आहोत, याचा अंदाज येतो.

लाकूडबाजारात भाव घनफुटाने ठरतो. त्याचा हिशेब सोपा आहे. लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करून १४४ने भागायचे. सहा फूट लांब, सहा इंच रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. हे गणित येत असले की दुकानदाराशी बरोबरीने बोलता येते. सुरुवातीला शिसवीचा मोह मात्र टाळावा. ते लाकूड कठीण आणि महाग असते, बोथट पाते त्यावर चालत नाही. खोक्यांचे जुने पाइन स्वस्त पडते, मऊ असते आणि चूक झाली तर जिवाला फारसे लागत नाही. फक्त त्यातले खिळे आधी शोधून काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते पहिल्याच दिवशी दातरे होते.

पहिले स्टूल

पहिली वस्तू म्हणून बहुतेक जण स्टूल निवडतात आणि तिथेच परीक्षा सुरू होते. करवत रेघेवरून चालवली की तुकडा पात्याच्या जाडीइतका आखूड पडतो. करवत नेहमी रेघेच्या बाहेर, टाकाऊ बाजूला चालवायची, हे दोन तुकडे वाया गेल्यावर लक्षात राहते. रंधा रेषांच्या उलट दिशेने मारला की लाकडाचे टवके निघतात. भोक न पाडता टोकाजवळ स्क्रू पिळला की फळी उभी चिरते. गोंद लावून सांधा तासाभरात हलवून पाहिला की तो पुन्हा सैल होतो. शिकंज्यात घट्ट आवळून एक दिवस त्याला हात लावायचा नाही, हाच उपाय.

यातूनही स्टूल उभे राहिले की ते डुगडुगते. मग ‘फरशीच वाकडी आहे’ असा शोध लागतो. नाचता येईना अंगण वाकडे! एक पाय थोडा कापावा तर दुसरा लांब वाटतो, तो कापावा तर तिसरा. दोन मांजरांच्या भांडणात लोणी माकडाने खाल्ले, तशी स्टुलाची उंची करवत खाते. जाणकार मिस्त्री कापण्याची घाई करत नाही. स्टूल सपाट जागी ठेवून तो आखूड पायाखाली पाचर सारतो, एकाच उंचीचा ठोकळा फिरवून चारही पायांवर रेघ ओढतो आणि मगच करवत उचलतो. घरातल्या आजी ज्या स्टुलावर बसणार, ते डुगडुगून चालत नाही.

लाकूड ऋतू ओळखते

दिल्लीत मे-जूनची कोरडी लू आणि लगेच जुलैची दमट हवा. लाकूड ओलावा घेते आणि सोडते. ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. म्हणून उन्हाळ्यात तंतोतंत बसवलेला खण श्रावणात उघडत नाही. थोडी फट ठेवणे हा हिशेब असतो, आळस नव्हे. थंडीत दिल्लीची हवा आधीच बिघडलेली असते. तेव्हा भुसा झाडताना तोंडावर मास्क हवा आणि लाकडाचे कपचे शेकोटीत जाळणे नको.

हाताची किंमत

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. पुढे तो ‘नई तालीम’ म्हणून ओळखला गेला. हात आणि डोके वेगळे करू नका, हे त्याचे सार. मयूर विहारच्या बाल्कनीत त्याचा प्रत्यय वेगळ्या वाटेने येतो. कालपर्यंत मिस्त्रीच्या मजुरीत पन्नास-शंभर रुपयांसाठी घासाघीस करणारा गृहस्थ स्वतः एक सरळ कड काढायला अख्खा रविवार घालवतो. त्यानंतर त्याच्या तोंडून ‘एवढ्याशा कामाचे इतके पैसे?’ हे वाक्य सहसा निघत नाही. मुलेही ते पाहतात. वडिलांना दारी आलेल्या कारागिराकडून काहीतरी शिकताना पाहणे, हा त्यांच्यासाठी मोठाच धडा असतो.

रंधा बाजारात मिळतो, लाकूड कीर्तीनगरला मिळते. हात मात्र चुकत चुकतच तयार करावा लागतो. तो तयार होईपर्यंत स्टूल थोडे बुटके झाले तरी चालेल. पाट म्हणून ते कामी येतेच!