ओल्या रंगावर दुसरा हात

बिघडलेली मॉडेल्स माझ्याकडे येतात ती बहुधा बुटांच्या खोक्यातून, कापसात गुंडाळून. रंगवणाऱ्याचा चेहरा पडलेला असतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काका, यातलं काही वाचेल का?" मी स्वतः १/७२ स्केलची विमानं आणि १/३५ चे सैनिक रंगवतो. सहा फुटी माणूस १/७२ मध्ये जेमतेम २५ मिलिमीटरचा होतो, १/३५ मध्ये पाच सेंटिमीटरच्या थोडा वर. रंगाचा जो थर दारावर कुणाच्या लक्षातही येणार नाही, तो इथे सैनिकाचं नाक बुजवतो.

ही खोकी उघडून उघडून माझं एक मत झालंय. मूळ चुकीनं मॉडेल फारसं बिघडत नाही. घायकुतीला येऊन लगेच केलेल्या दुरुस्तीनं बिघडतं. रंग ओघळला, बोट लागलं, रेघ वाकडी गेली की हात आपोआप ब्रशकडे जातो. अ‍ॅक्रिलिक रंग वरून पटकन सुकतो, आत ओला असतो. त्यावर पुन्हा ब्रश फिरला की वरची साय फाटते, गोळे होतात, आणि साधा ओघळ होता तिथे खड्डा पडतो. तोच ओघळ रात्रभर ठेवला असता, तर सकाळी १००० नंबरचा पॉलिशपेपर ओला करून हलकेच घासला की सपाट झाला असता. मग वर एक पातळ हात. एवढंच काम. पण रात्रभर ठेवणं कुणाला जमत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, त्या सुमारास आमच्या ओळखीतल्या बऱ्याच पोरांनी त्याचंच किट मागवलं. त्यातलं एक माझ्याकडे आलं. रंगकाम उत्तम होतं. शेवटी स्प्रेच्या डब्यातलं मॅट वार्निश मारलं, तेही गॅलरीत, बाहेर पाऊस धो धो चालू असताना. तासाभरात सगळं विमान पांढुरकं पडलं. मुलगा घाबरला आणि थिनरचा बोळा घेऊन उजवा पंख पुसत सुटला. वार्निश निघालं, खालचा रंग निघाला, आणि प्लॅस्टिकही विरघळलं. पंखावरच्या बारीक पॅनल लाइन पार गेल्या.

डावा पंख त्यानं सुदैवानं सोडला होता. तो आम्ही दोघांनी मिळून परत आणला. मॅट वार्निशमध्ये चमक मारण्यासाठी सिलिकासारखी बारीक पूड असते. हवेत दमटपणा फार असला की थर नीट बसत नाही, खरबरीत राहतो आणि त्यावर पडलेला उजेड विखुरतो. म्हणून पांढरं दिसतं. खालचा रंग जागेवरच असतो. कोरडा दिवस पाहून त्यावर ग्लॉस वार्निशचा पातळ हात दिला. खाचखळगे भरले आणि करडा रंग खालून वर आला. पोरगं माझ्याकडे असं बघत होतं, जणू मी जादू केली. दोन दिवसांनी पुन्हा मॅट, या वेळी ब्रशनं. उजव्या पंखाला पुट्टी भरून सुईनं नव्या रेघा कोराव्या लागल्या आणि त्या डाव्यासारख्या झाल्या नाहीत, ते नाहीच.

थर फारच जाड झाला असेल तर टचअपच्या नादी न लागता सगळा रंग उतरवावा. त्यासाठी लागणारी वस्तू घराघरात असते: डेटॉल. झाकणाच्या बरणीत, पाणी न घालता, मॉडेल रात्रभर बुडवून ठेवायचं. सकाळी हातमोजे घालून जुन्या टूथब्रशनं घासलं की अ‍ॅक्रिलिक सुटून येतं. मात्र यात एक मेख आहे. घासताना ते नळाखाली धरायचं नाही. पाणी लागताक्षणी सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो आणि दुमडींमध्ये जाऊन बसतो. आधी परत कोऱ्या डेटॉलनं खळखळून धुवायचं, रंग पूर्ण गेल्यावरच साबणाचं पाणी. आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालतं आणि कमी वेळ घेतं, फक्त गॅसपासून लांब ठेवावं आणि रेझिनचं मॉडेल त्यात फार वेळ भिजवू नये. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र घरातल्या बाईनं कितीही प्रेमानं पुढे केलं तरी नको. त्यातल्या अ‍ॅसिटोननं प्लॅस्टिकच मऊ पडतं.

दिवाळीच्या आधी वेगळीच गिऱ्हाइकं येतात, किल्लेवाली. गेल्या वर्षीचे मावळे, प्लॅस्टरचे, त्यांवर वर्षागणिक चढवलेला ऑइलपेंट. डोळे, मिशी, पागोट्याचा पीळ सगळं गुळगुळीत. यांना डेटॉलमध्ये बुडवायचं नाही, प्लॅस्टर पाणी पितं तसं तेही पितं. टूथपिक आणि जुन्या ब्लेडच्या टोकानं खरवडायचं. मुलांकडे ब्लेड देऊ नये, ते काम आपण करावं. खाली कोरं प्लॅस्टर दिसलं की पाण्यात पातळ केलेलं फेव्हिकॉल एकदा फिरवायचं, म्हणजे पुढचा रंग शोषला जात नाही, डाग पडत नाहीत.

डोळ्यांची तक्रार सगळ्यांचीच. सैनिक असो की मावळा, भूत बघितल्यासारखा टक लावून बसलेला असतो, कारण पांढऱ्याच्या मधोमध काळा ठिपका दिलेला असतो. तो ठिपका पुसायला गेलं की गाल काळे होतात. मी पुसत नाही. पूर्ण सुकू देतो आणि त्वचेच्या रंगानं वरची नि खालची पापणी आत सरकवतो. बुबुळ दोन्हीकडून थोडं झाकलं की नजर लगेच माणसाची होते. पुढच्या वेळी बुबुळ ठिपक्याऐवजी उभ्या रेघेनं काढावं, दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूला बघायला लावावं. डोळे आधी आणि चेहरा नंतर, हा क्रम ठेवला तर निम्मी तक्रार उरतच नाही.

डिकल्सखाली, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांखाली, चंदेरी चकाकी दिसते ती अडकलेल्या हवेची. सुईनं दोन-चार बारीक टोचे मारून वर डिकल सॉफ्टनर सोडायचा आणि तो काम करत असताना डिकलला हात लावायचा नाही; ते सुरकुततं, ते बघून काळजाचा ठोका चुकतो, पण सुकल्यावर आपसूक बसतं. मिगवाल्या मुलाला हे सांगितलं होतं. शेपटीवरचा तिरंगा सुरकुतला तेव्हा त्यानं मला फोन केला, आणि मी "हात खिशात घाल" एवढंच म्हणालो. सध्या त्यानं जॅग्वार आणलंय; वार्निश मारायला दिवाळीनंतरचा मुहूर्त काढलाय, तोही माझ्याकडूनच.